वैशाखऱ्याची बत्ती

वैशाखऱ्याचा दिव्याचा खांब गावाने वाचवला, असं हल्ली गावातली माणसं पाहुण्यांना सांगतात. साफ खोटं. गाव त्या दिवशी खांबाखाली बसून भाजलेल्या वालाच्या शेंगा सोलत होतं आणि वर बसलेल्या म्हाताऱ्याची गंमत बघत होतं. मी वाचवला, असंही कोणी म्हणू नये. तो पाडायच्या यादीत घालणारा माणूस मीच. खांब वाचवला बत्तीमामांनी, आणि ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. त्यांचं खरं नाव देत नाही. त्यांनाच ते आवडायचं नाही. "नाव पगाराच्या कागदापुरतं," म्हणायचे. "माणसाला कामावरून हाक मारावी."

मी शहापूर तालुक्यातला, तानशाकडचा. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला पहिला मी आणि बी.ए. झालेलाही पहिला मीच. हे मी मिरवतो. बापाने दुसऱ्यांची भातं झोडली, आईने मोहाची फुलं वेचली आणि मी मुंबईत एका खोलीचा कोपरा धरून पदवी घेतली. मिरवणार नाही तर काय करणार? पण जर्मनीशी लढाई सुरू झालेली, आणि पदवीला विचारतो कोण. नोकरी मिळाली ती रस्त्याच्या कामावर कारकुनाची. मुरबाडहून घाटाकडे जाणारा रस्ता पक्का करायचा होता. ओव्हरसियरच्या हाताखाली हजेरीपत्रक ठेवायचं, पत्रं लिहायची, याद्या करायच्या. पहिले आठ दिवस तंबूत काढले. मग विंचवांना कंटाळून वैशाखऱ्यात बत्तीमामांची पडवी भाड्याने घेतली.

पेटी घेऊन दारात उभा राहिलो तर म्हातारा म्हणाला, "हात दाखव."

एवढ्या मोठ्याने, की गोठ्यातली गाय उभी राहिली. मला वाटलं, कुळ-जात विचारायची ही नवी तऱ्हा. मी छाती काढून म्हटलं, "मी बी.ए. आहे."

"बी.ए. हाताला लागत नाय. तेल लागतं. दाखव."

मी दाखवले. त्यांनी उलटसुलट करून पाहिले, बोटांची पेरं हुंगली आणि म्हणाले, "राख घे, धू. मग घरात ये. काचेला हात लावायचा नाय. लावलास तर सांगायचं. लपवायचं नाय."

हे घर कसलं आहे, हे मला पुढे कळलं. मामा मूळचे वैशाखऱ्याचेच, कुणब्याच्या घरातले. तरुणपणी मुंबईच्या गोदीत हमालीला गेले. तिथून दीपगृहाला तेलाची पिंपं पोचवणाऱ्या होडीवर लागले, आणि एकदा समुद्रातल्या एका खडकावर पिंपं उतरवताना तिथला माणूस आजारी होता म्हणून त्याच्या जागी राहिले ते सत्तावीस वर्षं राहिले. खलाशी त्या दिव्याला बत्ती म्हणत, म्हणून हे बत्तीवाले, आणि गावाकडे परतल्यावर बत्तीमामा. समुद्र सुटला, सवयी सुटल्या नाहीत. लाटांवरून ओरडायची सवय, म्हणून "मीठ दे" एवढं म्हटलं तरी शेजारच्या घरातून मीठ यायचं. जमिनीवर झोप येत नसे, माळ्यावर झोपायचे. सकाळी उठून दुर्बीण डोळ्याला लावून अंगणातून सह्याद्री न्याहाळायचे आणि कुणी ऐको न ऐको, जाहीर करायचे, "नाणेघाट साफ. जीवधन ढगात." पितळी बटणांचा एक निळा कोट होता. तो कोनाड्यात घडी करून असायचा आणि रोज दिवेलागणीला अंगात चढायचा, अगदी वैशाखातल्या उकाड्यातही.

माझ्या कंदिलाची काच त्यांनी पहिल्याच आठवड्यात तीनदा नापास केली. "ही काच? ह्या काचेतून तुला पुस्तक दिसतं? मग पुस्तकात काय नसंलच." मग स्वतः राखेने आणि मलमलीच्या फडक्याने, एकाच दिशेने गोल फिरवत पुसायचे. उलटा हात फिरवलेला त्यांना खपत नसे. का, ते त्यांना माहीत नव्हतं. दीपगृहाच्या साहेबाने सांगितलं होतं, म्हणाले. साहेबाला कोणी सांगितलं, ते साहेबालाही माहीत नसावं.

कोट घालून, पुसलेली काच घेऊन ते जायचे खांबाकडे. गावाबाहेर, घाटाच्या वाटेला टेकाडावर एक दगडी खांब आहे. चार पुरुष उंच. बाहेरून दोन अंगांनी वर चढायला दगडी खुंट्या, टोकाला एक माणूस मांडी घालून बसेल एवढा चौथरा, आणि चौथऱ्यावर दगडी छपराखाली दिव्याची खोबण. लोक त्याला दीपमाळ म्हणत आणि देऊळ कुठे गेलं म्हणून हळहळत. मामा चिडायचे.

"कसली दीपमाळ? दीपमाळेला चारी अंगांनी दिव्यांचे हात असतात. ह्याला हाय का एक तरी? एकच खोबण, तोंड नाणेघाटाकडं. ही बत्ती हाय. समुद्र नाय म्हणून काय झालं? वाट चुकणारी माणसं तर हायेत."

म्हणणं खोटं नव्हतं. घाटावरून बैलांचे तांडे उतरायचे ते याच वाटेने, आणि आमच्या काळातही म्हसाच्या जत्रेला घाटावरची गुरं याच वाटेने यायची. तांड्यांचे दिवस गेले तसा दिवाही गेला होता. मामा परत आले आणि त्यांनी तो पुन्हा लावला. रोज. पावसातही. लढाईत घासलेट मिळेना तेव्हा करंजाच्या बिया वेचून, तेल काढून आणलं. लोक विचारायचे, "मामा, बघतो कोण?" मामा म्हणायचे, "जो बघतो तो सांगायला येत नाय. सरळ घरी जातो."

एकदा मात्र आला. घाटावरचा एक गुरांचा व्यापारी, खांद्यावर घोंगडी, दारात येऊन रागाने म्हणाला, "काल दिवा उशिरा लावला का ओ? आमी कड्यावर थांबलो ना तंगत!" खरं होतं. आदल्या संध्याकाळी मामांचा गुडघा धरला होता. मी त्यांना इतकं खूष कधी पाहिलं नाही. त्याला गुळाचा चहा पाजला, त्याच्या बैलांना पेंढा घातला, आणि वही काढून त्याच्या समोर लिहिलं : 'तक्रार आली. तक्रार खरी आहे.'

वहीचं सांगायला हवं. दीपगृहात असते तशी वही त्यांनी हाताने आखली होती. दिवा, वारा, कळवायचं ते, आणि शेवटी दोन रकाने : पहारा देणार, पहारा घेणार. दीपगृहाचा नियम असा, की वर बदली माणूस आल्याशिवाय पहाऱ्यावरच्या माणसाने खाली उतरायचं नाही. ताप असो, वादळ असो. येणाऱ्याने तीन प्रश्न विचारायचे, दिवा? वारा? काही कळवायचं? उत्तरं मिळाली की सही करायची, मग पहिला मोकळा. खडकावर एकदा होडी आठवडाभर येऊ शकली नाही आणि जोडीदार तापाने फणफणलेला. तेव्हा मामा एकटेच वर राहिले होते. वैशाखऱ्यात जोडीदार कुठला? रोज 'देणार' खाली स्वतःची सही, आणि 'घेणार' कोरा. अकरा वर्षांच्या वह्या, तो रकाना सगळा कोरा. दिवा लावून, तेल भरून ते घरी यायचे खरे, पण नियम मोडल्याची कबुलीही रोज लिहायचे : 'बदली नाही. उतरलो.'

खांब पडका होता तो गावी परतल्यावर त्यांनीच उभा केला. त्याचे सात दगड गावभर पांगले होते. मामांनी दोरीने मापं घेऊन एकेक हुडकला. एक नदीवर ठमाबाईच्या धुण्याचा झाला होता. तीस वर्षं ती त्यावर लुगडी आपटत होती. जाडजूड, तोंडाची फटकळ बाई.

"मामा, माझा दगड न्यायला आलाव? मग धुणं काय तुमच्या टकलावर आपटू?"

"आपट. पण दगड बत्तीचा हाय."

"तीस वर्सं मी धुतंय त्याच्यावर!"

"म्हणून तर राह्यला गो. दुसऱ्या कुणाकडं असता तर फोडून चुलीला लावला असता."

मामांनी नदीतला एक दगड आठ दिवस घासून तिला नवा करून दिला आणि जुना उचलला. दुसऱ्या दिवशी ती येऊन हळूच सांगून गेली, की नवा बरा आहे, पण कुणाला बोलू नका.

दुसरा दगड वडाखाली शेंदूर फासून देव झाला होता. त्याला हात लावला असता तर मामांचे हात राहिले नसते. मामांनी नमस्कार केला, माप घेतलं आणि परत आले. खांबात त्याची जागा रिकामी ठेवली, वरचा भार शेजारच्या दगडांवर तोलून. मी पुढे एकदा म्हटलं, दुसरा घडवून बसवा. तर म्हणाले, "तो तिकडं कामावर गेलाय. आला परत तर जागा नको त्याला?"

चुना परसातल्या खड्ड्यात वर्षभर भिजत असायचा, हिरड्याचं पाणी आणि गूळ घालून. मी एकदा त्यात गुडघ्यापर्यंत गेलो. "चुना लोणच्यासारखा असतो," मला बाहेर ओढता ओढता म्हणाले, "मुरल्याबिगर वाढायचा नाय." मुरबाडच्या एका व्यापाऱ्याने सिमेंटच्या गोणी देऊ केल्या, वर आपल्या वडलांच्या नावाची फरशी बसवायच्या बोलीवर. मामांनी त्याला खांबाजवळ नेलं, दगडावर त्याचा तळवा टेकवला आणि विचारलं, "गार लागतो ना? आतलं पाणी बाहेर येतं, म्हणून. चुन्यातून येतं. तुमचं सिमेंट त्याचं नाकतोंड दाबंल." व्यापारी म्हणाला, "अहो, पण मजबूत होईल." मामा म्हणाले, "मजबूत तर तो आताच हाय. तुमच्या बापाच्या आधीपासून." गोणी परत गेल्या. गावाने मामांना आठवडाभर शिव्या दिल्या.

लढाईत पोलीस पाटील वर्दी द्यायला आले. "मामा, दिवा लावू नका. वरून विमान येतंय."

"कुठं चाललंय विमान?"

"बाँब टाकायला."

"वैशाखऱ्यावर? का म्हसाच्या जत्रेला बैल घ्यायला?"

पाटील हसले नाहीत. पण पुन्हा आलेही नाहीत.

आता यादी.

मी तंबूत होतो त्या पहिल्या आठ दिवसांतली गोष्ट. ओव्हरसियरने सांगितलं, रस्त्याच्या आजूबाजूला जे काही मोकळं, पडीक दगडी बांधकाम असेल त्याची यादी कर, रस्त्याखालून पाणी काढायच्या मोऱ्यांना दगड लागतील. मी भर दुपारी छत्री घेऊन हिंडलो. टेकाडावरचा खांब पाहिला. मी नवा, आणि संध्याकाळी तंबूच्या बाहेर डोकं काढलं नव्हतं विंचवाच्या भीतीने. यादीत 'उपयोग' असा एक रकाना होता. मी त्यात इंग्रजीत लिहिलं, की हा जुना दगडी खांब निरुपयोगी आहे. वाक्य सफाईदार उतरलं म्हणून मला आनंदही झाला होता. इंग्रजी लिहिणारा आमच्या घराण्यातला पहिला मी. सही केली, यादी वर गेली.

पुढच्याच आठवड्यात मामांच्या पडवीतून पहिल्यांदा तो दिवा पाहिला. तेव्हाच यादी परत मागवायला हवी होती. मागवली नाही. वर गेलेला कागद खाली मागवायचा म्हणजे आपण चुकलो असं लिहून द्यायचं, आणि पहिल्या बी.ए.च्या हातून ते लिहिलं जात नव्हतं. आठ महिने मी त्या माणसाच्या घरी जेवलो, त्याचा दिवा बघितला, आणि गप्प बसलो. यादी हरवली असेल, असं स्वतःला सांगत राहिलो.

सरकारी कागद हरवत नाही. पौष लागला, जत्रा आठवड्यावर आली, आणि ओव्हरसियर म्हणाला, "नाल्यावरच्या मोरीला घडीव दगड हवेत. तुझ्या यादीतला तो खांब उद्या सकाळी उतरवून घेऊ. बरं केलंस टिपून ठेवलंस."

संध्याकाळी घरी गेलो. मामा काच पुसत होते. मी सगळं सांगितलं, यादीसकट. त्यांनी काच फडक्यात गुंडाळली. मला ते नेहमी अरे-तुरे करायचे.

"कधी बघितलात तुमी तो?" त्यांनी विचारलं.

'तुमी' ऐकून मी टेकलेला उठून उभा राहिलो.

"दुपारी," मी म्हटलं.

"बत्ती दुपारी बघितलीत. बत्ती!" कोट घातला, सगळी बटणं लावली. वही, तेलाचा डबा, फडक्यात दोन भाकऱ्या. उंबऱ्यात वळून म्हणाले, "भाकऱ्या तुमाला दुरडीत ठेवल्यात." आणि जाऊन चढले खांबावर. त्या दिवशी दिवा लावून ते उतरले नाहीत.

सकाळी मुकादम माणसं, पहारी आणि दोरखंड घेऊन आला. मागून ओव्हरसियर, मागून मी, आणि सगळं गाव.

"आजोबा, खाली या!" ओव्हरसियर ओरडला.

"माझा पहारा हाय. बदली माणूस पाठवा, उतरतो."

"कसला बदली माणूस? सरकारी हुकूम आहे!"

"कोट बघा की. मी बी सरकारीच."

"तुम्ही कधीच रिटायर झालात!"

"मी झालो. बत्ती नाय झाली."

गाव खो-खो हसलं. शेंगांची टोपली फिरायला लागली. कुणीतरी ओरडलं, "मामा, वरून आमचा बैल दिसतो का बघा, सकाळपासून गावत नाय!" दुर्बीण डोळ्याला लावून मामांनी खरोखर पाहिलं. "तुझा बैल पाटलाच्या वालात हाय. त्याला तुझ्यापेक्षा अक्कल हाय." पुन्हा हसू. माझ्याखेरीज सगळे मजेत होते. मुकादमाने मात्र पहार खाली ठेवली. माणूस वर असताना मी दगड हलवणार नाही, म्हणाला. बरा माणूस होता.

ओव्हरसियरने मग दुसरा डाव टाकला. "कुणी पाणी द्यायचं नाही. दुपारपर्यंत आपोआप उतरतील."

गावाने मान डोलावली. सरकारच्या विरुद्ध कोण जाणार? इथे मी ठमाबाईला वगळतो. ती तांब्या घेऊन गर्दीतून आली, लुगडं खोचलं आणि खुंट्यांवर पाय देऊन चढायला लागली.

"बाई, कुठे चाललीस?"

"माझा धुण्याचा दगड बसवलाय त्याच्यात," ती वळून म्हणाली. "माझा दगड हाय, मी कितीबी वर जाईन. तू कोण इचारणारा?"

ओव्हरसियरला दगडाचं काही कळलं नाही, पण बाईला धरायचा हुकूम कुणाला देणार? तिने मधल्या खुंटीवर उभं राहून तांब्या वर दिला, मामा वाकून पाणी प्यायले, ती उतरली. तिला पोचवायला गेल्यासारखं करून निम्मं गाव निघून गेलं.

दुपार झाली. आदल्या संध्याकाळपासून माणूस वर होता, सत्तरीला टेकलेला, गुडघे गेलेले, मांडी बदलायलाही जागा नाही. आधी तो दर थोड्या वेळाने ओरडायचा, "बदली!" उन्हं कलली तसा आवाज बसत चालला. एकदा मान पुढे गेली आणि दचकून सावरली. ओव्हरसियर खुर्ची टाकून बसला होता. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तास-दीड तासात झोप लागेल. आपण काही केलेलं नाही, हे तू लिहून ठेव."

मी हजेरीपत्रक मांडीवर घेऊन बसलो होतो. मला ते वाक्यही येत होतं. आपण काही केलेलं नाही. इंग्रजीत तर फारच सफाईदार होतं ते.

मी हजेरीपत्रक खुर्चीच्या पायाशी ठेवलं. गावाने शेंगा भाजल्या होत्या त्या चुलीशी गेलो, मूठभर राख घेतली, हात घासले. आणि चढायला लागलो.

"ए! तू कुठे?" ओव्हरसियर उभा राहिला. "खाली उतर! नोकरी जाईल तुझी!"

मी निम्म्यात होतो. खाली बघितलं तर डोकं फिरत होतं, म्हणून वर बघतच ओरडलो, "मग बदली माणूस पाठवा!"

पहिल्यांदा गाव माझ्या बोलण्यावर हसलं. मला अजून ते आठवलं की बरं वाटतं.

शेवटच्या खुंटीवर पोचलो. वर दोघांना जागा नव्हती. मामांचे डोळे लाल, ओठ फुटलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि वाटलं, हा माणूस मला आता खाली ढकलणार.

"हात दाखव."

मी एका हाताने खुंटी धरून दुसरा वर केला.

"शाई हाय."

"वाळलेली आहे मामा. निघत नाही."

त्यांनी अंगठ्याने घासून पाहिली. "मग चालंल. विचार."

"दिवा?"

"तयार. वात नवी, तेल गळ्यापर्यंत."

"वारा?"

"घाटावरनं."

"काही कळवायचं?"

"खालच्या साहेबाला मुंग्यांच्या वारुळावर खुर्ची टाकून बसवलाय कुणीतरी. सही कर."

वही पुढे आली. 'घेणार' या रकान्यात, अकरा वर्षांत पहिल्यांदा, मी सही केली. मग ते पलीकडच्या अंगाने एकेक खुंटी चाचपत उतरले, आणि मी वर बसलो. खालून ओरडले, "बी.ए., काचेला हात लावू नकोस!" ओव्हरसियरकडे न बघता घरी गेले, आणि ठमाबाई सांगते, जेवता जेवताच झोपले.

माझी नोकरी पंधरा दिवसांत गेली. बापाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "खांब पडला नाय ना? मग झालं." पुढे मुरबाडला शाळेत शिकवायला लागलो, ते आजपर्यंत. नाल्यावरची मोरी नदीतल्या दगडांची झाली आणि ती अजून धड आहे. म्हणजे खांबाच्या दगडांची गरज तेव्हाही नव्हती. आयते घडीव दगड मिळत होते, एवढंच. मामा स्वातंत्र्य बघायला राहिले नाहीत. वह्या माझ्याकडे आहेत. त्या दिवसानंतर 'घेणार' रकाना फारसा कोरा नाही. माझ्या सह्या आहेत, मुकादमाची एक आहे, आणि ठमाबाईचे तर अंगठेच अंगठे.

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

दिवा मी लावला होता. तिसऱ्या काडीला लागला. उजाडायच्या सुमाराला घाटाकडून घुंगरं ऐकू यायला लागली. जत्रेची गुरं दिवा बघून घाट उतरली होती, आणि पूर्वापार रिवाजाप्रमाणे खांबापाशी विसाव्याला थांबली. उजाडलं तेव्हा टेकाड बैलांनी भरून गेलं होतं. मुकादमाच्या पहारी त्यांच्या पायांखाली कुठे गेल्या, त्या दोन दिवस सापडल्या नाहीत. घोंगडीवाले शेकोट्या करून बसले होते आणि ओव्हरसियर त्यांच्यामधून वाट काढत, शिंगं चुकवत, "बाजूला व्हा, हा खांब निरुपयोगी आहे," असं ओरडत होता. एक म्हातारा घाटकरी त्याला म्हणाला, "कुणी सांगितलं?"

ओव्हरसियरने वर माझ्याकडे बोट केलं.

तेवढ्यात मामा आले. आंघोळ केलेली, कोटाला सगळी बटणं. बैलांना थापट्या मारत गर्दीतून आले आणि एकेक खुंटी चढत माझ्या पायांशी पोचले. धाप लागली होती. खाली सगळे माना वर करून बघत होते.

"दिवा?" त्यांनी विचारलं. समुद्रावर ऐकू जाईल अशा आवाजात.

"रात्रभर चालू," मी म्हटलं.

"वारा?"

"घाटावरचाच."

"काही कळवायचं?"

मी खाली बघितलं. ओव्हरसियर, मुकादम, घाटावरची माणसं, ठमाबाई, माझ्या बी.ए.ला नमस्कार करणारं सगळं गाव. मग मामांच्याच आवाजात, जितकं ओरडता येईल तितकं ओरडून मी म्हटलं, "यादी चुकलीय. मी केली होती. मी चुकलो!"

मामांनी काखेतली वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"मग लिही की," ते म्हणाले. "लिवता येतं ना तुला?"

आणि मी लिहिलं. मराठीत.